मुदत पाटीवरच दिसू द्या

नोंदणी न झालेल्या गाड्यांच्या तात्पुरत्या नंबर प्लेटवरील लेख वाचला. गैरवापर होतो म्हणून ही सोयच बंद करावी, हा त्यातील सूर पटला नाही. नवी गाडी घरी न्यायची किंवा जुनी तपासणीला न्यायची, तर नोंदणीआधी ती रस्त्यावर आणावीच लागते. खोट सवलतीत नाही, पाटीत आहे.

अमेरिकेतील टेक्सास राज्यात विक्रेते सरकारी संगणक प्रणालीतून कागदी पाट्या छापून देत. तिथे शिरकाव करून भामट्यांनी पाट्यांचा बाजार मांडला आणि त्या लावलेल्या गाड्या गुन्ह्यांत वापरल्या गेल्या. अखेर 2023 मध्ये कायदा झाला आणि 1 जुलै 2025 पासून कागदी पाट्या बंद होऊन विक्रेत्याकडूनच धातूची पाटी मिळू लागली. उशिरा का होईना, शहाणपण सुचले!

जर्मनीतील अल्पमुदतीची पाटी जास्तीत जास्त पाच दिवसांची असते. तिच्या उजव्या कडेला पिवळ्या पट्टीत मुदत संपण्याचा दिवस, महिना आणि वर्ष ठसठशीत उमटवलेले असते. विम्याशिवाय ती मिळत नाही. 2015 पासून ती एकाच गाडीशी बांधलेली आहे, त्यामुळे आज या गाडीला, उद्या त्या गाडीला असा खेळ चालत नाही. मागच्या गाडीतल्या माणसालाही मुदत टळल्याचे कळते. पोलिसांनी कागद मागण्याची गरज उरत नाही. पावसात शाई फुटलेल्या, काचेला आतून चिकटवलेल्या कागदावर तारीख कोण वाचणार?

— एक वाचक