आधी जिप्सम, मग पाणी

संपादक महोदय,

कालव्याखालच्या खारवलेल्या जमिनींसाठी ‘भरपूर पाणी सोडून क्षार धुऊन काढा’ असा सल्ला आपल्या शेतीच्या पानावर आला. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर आमचा ऊस आहे आणि शाळेत मी रसायनशास्त्र शिकवलं आहे, म्हणून लिहितो. आमच्या काळ्या मातीत नुसतं एवढंच केलं, तर खारवट रानाचं चोपण होतं, म्हणजे सोडियम धरून बसलेली, पाणी न मुरणारी जमीन.

चिकणमातीच्या कणावर ऋण प्रभार असतो. ओल्या रानात सोडियम-कॅल्शियमचे धन आयन त्याच्याभोवती गर्दी करतात. पृष्ठभागावर एक प्रभार, लगतच्या पाण्यात त्याच्या उलट, हा दुहेरी थर जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने 1853 मध्ये मांडला. पाण्याकडची बाजू घट्ट नसून विरळ होत जाते, हे गुई (1910) आणि चॅपमन (1913) या शास्त्रज्ञांनी गणिताने दाखवलं. शेतकऱ्याने यातलं एवढंच धरावं: थर फुगला की कण एकमेकांपासून फटकून राहतात, आक्रसला की ढेकूळ धरतात. सोडियमवर एकच प्रभार, तो सैल आणि लांबवर पसरलेला. कॅल्शियमवर दोन, तो कणाला लगटून राहतो. पाण्यात मीठ जास्त असलं तरी थर आक्रसतो. शंभरपट मिठाला थर दहापट पातळ. पांढरं फुटलेलं रान पायाखाली भुसभुशीत लागतं ते यामुळे, आणि माणूस फसतो तोही इथंच. पाणी मीठ वाहून नेतं, कणांवरचा सोडियम मात्र जागेवर राहतो. थर फुगतो, कण सुटतात, रंध्रं बुजतात. वर पापुद्रा धरतो, सोयाबीनचा कोंब त्याखालीच वाकतो, पाणी मुरायचं नाव घेत नाही.

खात्री करायची तर वाळलेला खडा पेलाभर पावसाच्या पाण्यात न हलवता ठेवा. भोवतीचं पाणी दुधाळ गढूळ झालं, की चोपण समजा. बोअरचं पाणी घेऊ नका. त्यातले क्षार रोग झाकतात.

उपाय एकच: कणांवरचा सोडियम हटवून तिथं कॅल्शियम बसवायचा. तो जिप्सममधून, म्हणजे कॅल्शियम सल्फेटमधून मिळतो. ‘रानात चुनखडी एवढी, मग कॅल्शियम विकत कशाला?’ असं गावात विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण सामू (pH) साडेआठच्या वर गेला की चुनखडी जवळपास विरघळतच नाही. जिप्सम लिटरभर पाण्यात दोन-अडीच ग्रॅम विरघळतं, तेवढ्यावर काम होतं. गंधकही चालतं, जिवाणू त्याचं आम्ल करून चुनखडी विरघळवतात, फक्त वेळ लागतो. सुटलेला सोडियम बाहेर जायला चर मात्र आधी काढावे लागतात. चर नसतील तर जिप्समचे पैसे पाण्यात.

किती पोती टाकायची, हे माती तपासल्याशिवाय कळत नाही. 2015 पासून मिळणाऱ्या जमीन आरोग्य पत्रिकेत 12 घटक आहेत. कणांवरचा सोडियम त्यात नाही. तो कणांवरच्या एकूण धन आयनांच्या 15 टक्क्यांच्या वर गेला की जमीन चोपण धरतात. निदान कालव्याखालच्या तालुक्यांत कृषी खात्याने हा तेरावा रकाना जोडावा, आणि आपणही त्या सल्ल्याची दुरुस्ती पेरणीआधी छापावी.

आपला,
एक निवृत्त शिक्षक व ऊस उत्पादक, ता. पाथरी, जि. परभणी