धाकटीच्या बाळाचा ताबा आणि टेक्सासला जाणं

कोलंबस, ओहायो

ती. स्व. दादा आणि सौ. वहिनी यांना सा. नमस्कार.

दादा, धाकटीच्या बाळाच्या बाबांबद्दल तू फोनवर म्हणालास, "लग्नच झालेलं नाही, तर बाळावर त्याचा हक्क कसला? डॅलसची नोकरी घ्यायची, बाळाला उचलायचं आणि निघायचं." यातलं अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यापायी पोरीला दोन राज्यांतल्या कोर्टांचे हेलपाटे पडू शकतात, म्हणून सविस्तर लिहिते. पत्र तिलाही वाचून दाखव.

आधी खरं अर्धं. ओहायोचा कायदा (कलम ३१०९.०४२) सांगतो की अविवाहित आईला मूल झालं तर कोर्टाची ऑर्डर होईपर्यंत ताबा एकट्या आईचा. बाळाच्या बाबांनी दवाखान्यात पितृत्वाच्या कागदावर सही केली, त्यांचं नाव जन्मदाखल्यावर आलं, पोटगीची जबाबदारीही आली. मात्र त्या सहीने ताबा मिळत नाही, आणि बाळाला भेटण्याचा वारही ठरत नाही. त्यासाठी त्यांना कोर्टात अर्ज करावा लागतो. अर्ज करताना 'आई आहे म्हणून वरचढ' हा मुद्दा तिथे चालत नाही. त्याच कलमात पुढे लिहिलंय की ताबा ठरवताना कोर्टाने आई आणि बाप दोघांना सारखंच धरायचं. म्हणजे धाकटीचा एकटीचा हक्क आहे तो ऑर्डर नाही तोवरचाच. "आता घाईने लग्न लावून टाकू का" असं वहिनींनी विचारलं होतं. लग्न केलं की दोघांचा हक्क त्याच दिवशी बरोबरीचा होतो. नातं टिकवायचं असेल तर जरूर करावं, ताब्याचा प्रश्न सोडवायला मात्र करू नये.

अटलांटाच्या किंवा शिकागोच्या ओळखीतल्यांचा सल्ला इथे लावू नका. प्रत्येक राज्याचं वेगळं आहे. जॉर्जियात बापाने नुसती सही करून भागत नाही, मूल कायदेशीर ठरवून घेण्याचा वेगळा अर्ज कोर्टात करावा लागतो. कॅलिफोर्नियात पितृत्व ठरलं की ऑर्डर नसतानाही दोघं बरोबरीचे. इलिनॉयमध्ये ऑर्डर झाल्यावर शिकागो आणि भोवतालच्या काउंट्यांतून २५ मैलांपलीकडे घर हलवायचं तर ६० दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते. मिशिगनमध्ये मोजमाप १०० मैलांचं आहे.

आता मुख्य गोष्ट, सहा महिन्यांची. कुठल्या राज्याच्या कोर्टाने ताब्याचा निर्णय द्यायचा याचा एक सामाईक कायदा १९९७ साली तयार झाला आणि मॅसॅच्युसेट्स सोडून बाकी सगळ्या राज्यांनी तो घेतला. त्यात आईचा पत्ता बघत नाहीत, पासपोर्ट बघत नाहीत. केस दाखल होण्याआधी लागोपाठ सहा महिने बाळ कुठे राहिलं ते बघतात. ते राज्य बाळाचं 'होम स्टेट'. आणि बाळ तिथून गेलं तरी एक पालक मागे राहिला असेल, तर पुढचे सहा महिने त्या राज्याचा अधिकार कायम राहतो. धाकटी १ जूनला डॅलसला गेली आणि बाळाचे बाबा कोलंबसमध्येच राहिले, तर नोव्हेंबर अखेरपर्यंत ते इथल्या कोर्टात केस घालू शकतात, आणि ती केस ओहायोच चालवणार.

इथे लोक दोन प्रकारे फसतात. पहिला प्रकार घाईचा. टेक्सासला पोचल्यावर महिनाभरात तिथेच अर्ज टाकायचा. अर्जात बाळ आधी ओहायोत होतं हे दिसतंच. तोवर बापाने इकडे केस घातलेली असली तर दोन्हीकडचे न्यायाधीश एकमेकांशी बोलतात, कायद्याने तशी तरतूदच आहे, आणि टेक्सासची केस बाजूला पडते. वकील मात्र दोन्हीकडे लागलेले असतात. दुसरा प्रकार जास्त नुकसानीचा. ओहायोचं समन्स आलं की "मी आता तिथे राहतच नाही" म्हणून कागद बाजूला ठेवायचा. पोटगीच्या केसमध्ये समोरच्या माणसावर त्या राज्याचा अधिकार चालतो का, हे बघावं लागतं. ताब्याच्या केसमध्ये तशी गरज नसते. बाळाचं होम स्टेट ओहायो आणि आईला नोटीस नीट पोचलेली, एवढं पुरतं. ती हजर झाली नाही तर तिच्या गैरहजेरीत ऑर्डर होऊ शकते.

"मग गप्प राहून सहा महिने काढू" असंही कुणीतरी सुचवेल. दादा, हे तिला अजिबात करू देऊ नकोस. ओहायोचा न्यायाधीश बाळाचं हित ठरवताना ज्या गोष्टी तपासतो, त्यांच्या यादीत दोन थेट तिला लागू पडतात. दुसऱ्या पालकाला बाळाची भेट कोण मोकळेपणाने होऊ देईल, ही एक. पालक राज्याबाहेर घर करतोय का किंवा करणार आहे का, ही दुसरी. पत्ता लपवला, फोन बंद ठेवला, तर तिच्या बाजूचं सगळं चांगलं त्याखाली झाकलं जातं. मारहाण किंवा जिवाची भीती असेल तर वाट निराळी असते. मग ज्या राज्यात बाळ हजर आहे तिथलं कोर्ट तातडीची तात्पुरती ऑर्डर देऊ शकतं आणि पत्ता गुप्तही ठेवता येतो. इथे देवाच्या दयेने तसं काही नाही. बाळाचा बाबा चांगला माणूस आहे, बाळावर जीव आहे त्याचा.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. निघण्याआधी ओहायोतच, दोघांच्या संमतीने, ऑर्डर करून घ्यावी. यात धाकटीचा एकटीचा हक्क जातो हे खरं, पण टेक्सासला राहण्याची परवानगी कागदावर येते आणि तिच्या डोक्यावरची टांगती तलवार जाते.

ऑर्डरमध्ये काय असावं? 'वाजवी भेट' असं मोघम लिहिलं की पहिल्या दिवाळीला भांडण ठरलेलं. तारखा लिहाव्यात: उन्हाळ्यात किती आठवडे, डिसेंबरची सुट्टी एका वर्षी कुणाकडे आणि पुढच्या वर्षी कुणाकडे. विमानाचं तिकीट कोण काढणार, किती दिवस आधी. बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत मांडीवर प्रवास करतं, त्यानंतर पूर्ण सीट लागते. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला विमान कंपन्या एकटं नेत नाहीत, म्हणजे सोबतीच्या मोठ्या माणसाचं जाणं-येणंही धरायचं. व्हिडिओ कॉल संध्याकाळी ६ वाजता असं ठरलं तर कुणाच्या घड्याळाने, हेही लिहायचं, कारण डॅलस कोलंबसच्या एक तास मागे आहे. आणि पोटगी भेटीशी बांधू नये. पैसे थकले म्हणून भेट अडवता येत नाही, भेट झाली नाही म्हणून पैसे थांबवता येत नाहीत.

डॅलसला पोचल्यावर ती ऑर्डर तिथल्या कोर्टात नोंदवायची. विनंतीपत्र, ऑर्डरच्या दोन प्रती (त्यातली एक ओहायोच्या कोर्टाच्या शिक्क्याची), आणि तिच्या माहितीप्रमाणे ऑर्डर बदललेली नाही असं शपथेवर निवेदन. समोरच्याला नोटीस गेल्यापासून २० दिवसांत त्याने हरकत घेतली नाही की नोंदणी पक्की. एवढ्याने ऑर्डरची अंमलबजावणी टेक्सासमध्ये होते. ऑर्डर बदलायची असेल तर मात्र बाबा ओहायोत राहताहेत तोवर कोलंबसलाच यावं लागेल, मग टेक्सासमध्ये तिला चार वर्षं झालेली असोत. नाहीतर ओहायोच्या कोर्टाने स्वतः अधिकार सोडावा लागतो.

वहिनी, आता तुमच्या मनातलं. "सरळ बाळाला घेऊन सोलापूरला ये, आम्ही आहोत की." तुमची माया मला कळते. तुमच्या वकिलांनी सांगितलं तेही खरं आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात विवाहाबाहेरच्या मुलाची नैसर्गिक पालक आधी आई, तिच्यानंतर बाप. पण अमेरिकेतलं कोर्ट त्या कायद्यावर ताबा ठरवत नाही. दुसऱ्या पालकाचा हक्क अडवण्याच्या हेतूने मूल देशाबाहेर नेणं किंवा बाहेर ठेवणं हा १९९३ पासून इथे फौजदारी गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैदेचा. मुलांना परत पाठवण्याच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही, हा काहींना आधार वाटतो. पण भारतातली कोर्टं बाळाचं हित बघून निर्णय देतात आणि निकाल दोन्ही बाजूंनी लागलेले आहेत. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानात आणलेल्या एका लहान मुलीला अमेरिकेला परत नेण्याचा आदेश दिला होता.

गड्ड्याच्या जत्रेला बाळाने जरूर यावं. त्यासाठी ऑर्डरमध्येच कलम घालू: किती दिवस आधी कळवायचं, येण्याजाण्याचं तिकीट दाखवायचं, सोलापूरचा पत्ता द्यायचा, पासपोर्ट कुणाकडे राहणार. सोळा वर्षांखालच्या मुलाच्या अमेरिकन पासपोर्टला दोघांची संमती लागते. एक जण हजर नसेल तर त्याने नोटरीपुढे सही केलेला डीएस-३०५३ फॉर्म. तो पासपोर्ट पाचच वर्षं चालतो, त्यामुळे हा प्रश्न पुन्हा पुन्हा येणार.

आता तुमच्याकडून एक काम हवंय. कोर्टात अर्जासोबत एक ॲफिडेव्हिट द्यावं लागतं. त्यात गेल्या पाच वर्षांत बाळ कुठे कुठे राहिलं याचा तक्ता असतो. बाळ लहान असेल तर जन्मापासूनचा. कधीपासून कधीपर्यंत, पत्ता, सोबत कोण राहत होतं, त्याचं बाळाशी नातं. मागच्या हिवाळ्यात बाळ तुमच्याकडे होतं, तेही त्यात येणार. तो मुक्काम ओहायोतली 'तात्पुरती गैरहजेरी' धरला जातो आणि होम स्टेट ओहायोच राहतं, पण तारखा जुळायला हव्यात. ॲफिडेव्हिटमध्ये एक महिना आणि पासपोर्टच्या शिक्क्यात दुसराच, असं झालं की समोरचा वकील तिथेच बोट ठेवतो. बाळ सहा महिन्यांहून जास्त तिकडे राहिलं असतं तर भारतच होम स्टेट आहे असा वाद उभा राहू शकला असता, कारण या कायद्यात परदेशालाही राज्यासारखंच धरतात.

तेव्हा दादा, एवढं कर. बाळाच्या पासपोर्टवरच्या शिक्क्यांचा फोटो तिच्याकडून घे, येण्याजाण्याच्या बोर्डिंग पासचे फोटो तुझ्या फोनमध्ये असतील ते पाठव, आणि होटगी रोडच्या घराचा पत्ता पिनकोडसकट, त्या दिवसांत घरात कोण कोण होतं त्यांच्या नावांसह, कागदावर लिहून पाठव. बाळाला तिथे लस टोचली होती, त्या कार्डाचाही फोटो हवा, त्यावर तारीख असते. आणि घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "त्याला कळू देऊ नका" अशा धर्तीचं कुणीही काही लिहू नका. असे मेसेज कोर्टात छापून येतात.

वकिलाशी भेट पुढच्या आठवड्यात ठरतेय, त्याआधी हे हाती आलं तर बरं.

लहानांना आशीर्वाद.

तुझी,
ताई