छताच्या कैचीचे दांडे कापून केलेल्या माळ्याच्या खोलीबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: माळ्यावरील खोलीचे धोकादायक काम स्वखर्चाने दुरुस्त करून देणे व फरशीच्या कामाची रक्कम परत करणे

महोदय,

संगमेश्वर तालुक्यातील आमच्या कौलारू घराच्या माळ्यावर राहण्याजोगी खोली करून देण्याचे काम आपण मार्चमध्ये घेतले आणि मेअखेर पूर्ण झाल्याचे सांगून उरलेले पैसे नेले. पाऊस सुरू झाला आणि पूर्वेच्या भिंतीला माथ्याजवळ आडवी भेग पडली. शिडी लावून पाहिले, तर जांभ्याचा सर्वांत वरचा थर खालच्या थरापेक्षा चांगला अर्धा इंच बाहेर आला आहे. भिंतीवर शेवाळ, पण भेगेतला चुना पांढराफेक, म्हणजे भेग नवी आहे. तेव्हा "जुन्या घरांना भेगा असतातच" हे आपल्या पर्यवेक्षकाचे फोनवरचे उत्तर आम्हाला मान्य नाही.

कारण उघड आहे. माळ्यावर छातीच्या उंचीवर दोन कैच्यांचे (छत पेलणाऱ्या लाकडी त्रिकोणी सांगाड्यांचे) आडवे दांडे होते. "हे मध्ये येतात, काढले की मोकळे वाटेल," असे म्हणून आपल्या माणसांनी ते करवतीने कापले. कौलांच्या वजनाने वाशांचे पाय सतत बाहेर फाकू पाहतात आणि ते धरून ठेवण्याचे काम हाच दांडा करतो. तो गेला की सगळा रेटा भिंतीच्या माथ्यावर येतो. जांभ्याची भिंत वरून येणारे वजन पेलते, आडवा रेटा नाही. दांडे काढायचेच होते, तर आधी आढ्याखाली लोखंडी तुळई घालून तिची टोके दोन्ही त्रिकोणी भिंतींवर टेकवायची आणि मग करवत हातात घ्यायची, असे देवरुखच्या ज्या अभियंत्यांना आम्ही घर दाखवले त्यांनी सांगितले. आपल्या अंदाजपत्रकात "तांत्रिक पाहणी" या नावाखाली पैसे लावलेले आहेत. ती पाहणी कोणी केली, याचे उत्तर तीन वेळा विचारूनही मिळालेले नाही.

दुसरी गोष्ट जमिनीची. आमच्या माळ्याला कडीपाट आहे, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या टाकलेल्या आहेत. वर सुंठ, नारळ, लग्नकार्याची भांडी ठेवायची, एवढ्याच बेताने वडिलांनी त्या कड्या घातल्या होत्या. आपण त्यावर दोन इंच काँक्रीट ओतून फरशी बसवली. एवढ्या जाडीच्या काँक्रीटचेच वजन चौरस मीटरला सुमारे १२० किलो होते, म्हणजे १२ बाय १५ फुटांच्या खोलीत दोन टन, तेही माणूस आणि कपाट वर जाण्याआधी. राहत्या खोलीची जमीन माणसे व सामान मिळून चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरून आखावी, असे आयएस ८७५ हे इमारतींवरील भारांचे भारतीय मानक सांगते. कड्या तेवढ्या जाड आहेत का, त्यांची टोके वाळवीने खाल्ली आहेत का, हे कोणी टोचूनसुद्धा पाहिले नाही. खालच्या माजघरात मधल्या दोन कड्या आता डोळ्यांना दिसतील इतक्या वाकल्या आहेत.

जिन्याबद्दल फार लिहीत नाही. पायरी दहा इंच उंच आणि पाय ठेवायला जेमतेम सात इंच. राष्ट्रीय इमारत संहितेत घरगुती जिन्याची पायरी जास्तीत जास्त १९० मिलिमीटर उंच आणि किमान २५० मिलिमीटर रुंद हवी. आपण नेमके उलटे केले. वर खिडकीला न उघडणारी जाळी ठोकली आहे. खाली आग लागली, तर वरच्या माणसाने बाहेर पडायचे कुठून?

आणि आग लागायची सोयही आहेच. दीड टनी एसी दिव्यांच्या जुन्या वायरवर जोडला आहे. ती वायर पाइपात न घालता थर्माकोल आणि फळ्यांच्या मधून नेली आहे. त्याच फळ्यांनी कौलांची आतली बाजू पूर्ण झाकली. दरवर्षी पावसाआधी शाकारणी करताना कुठले कौल फुटले, कुठला रीप कुजला, हे आम्ही खालून उजेडाच्या तिरिपेवरून ओळखत असू. आता पाणी आत मुरले, तरी फळी काळी पडेपर्यंत कळणार नाही. वारा खेळायला वळचणीजवळ फट सोडा, असे आमच्या शाकारणीवाल्या काकांनी आपल्या कामगारांना तेव्हाच सांगितले होते. त्यांना हसण्यावारी नेले गेले.

खोली आम्ही बंद केली असून कड्यांना खालून टेकू दिले आहेत. आमची मागणी अशी: नोंदणीकृत संरचना अभियंत्याचा लेखी अहवाल आपल्या खर्चाने घ्यावा आणि त्याप्रमाणे छताचा रेटा धरून ठेवणारी जोडणी पुन्हा बांधून द्यावी. काँक्रीट व फरशी हलक्या हाताने काढावी, त्या कामाचे पैसे परत करावेत. एसीला स्वतंत्र वायर व एमसीबी (जास्त वीज वाहिली की आपोआप बंद होणारे बटण), उघडणारी खिडकी आणि नवा जिना द्यावा. छताचे काम गणपतीच्या आत व्हायला हवे, कारण तेव्हा घरात माणसे भरपूर असतात.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू. करारपत्र, पावत्या आणि भेगेची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

आपली,
तक्रारदार ग्राहक

ता. क. आपल्या जाहिरातीत "आधी आणि नंतर" म्हणून आमच्याच माळ्याचे फोटो आहेत. ते तातडीने काढावेत. "नंतर"च्या फोटोत पांढरा रंग दिलेली कापलेल्या दांड्यांची टोके स्पष्ट दिसतात. तो फोटोही आम्ही पुराव्यात लावला आहे.