लॅबमधल्या मामांचे जाहीर आभार

मामा, नमस्कार.

समोर येऊन आभार मानले की तुम्ही "बरं बरं, खल धुऊन ठेवा" म्हणून विषय संपवता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

माझ्या सेमिनारचा विषय होता स्फटिकात अडकलेल्या रेणूंच्या कंपनांवर चालणारे इन्फ्रारेड लेसर. पेपर वाचून डोकं गरगरत होतं. त्यातला मुख्य स्फटिक पोटॅशियम ब्रोमाइड, म्हणजे तुम्ही रोज ओव्हनमधून काढता तीच पांढरी पूड! कोल्हापूरच्या जुलैत ती बाटलीबाहेर ठेवायची सोय नाही. ओलावा शोषणारी सिलिका जेल गुलाबी पडली की तुम्ही कुणी न सांगता बदलता. त्या दिवशी तुम्ही खलात त्या पुडीबरोबर फेरोसायनाइडचा (सायनाइड असलेल्या क्षाराचा) कण टाकून, दिव्याखाली घोटून, काचेसारखी स्वच्छ चकती दाबून दिलीत. तिच्या इन्फ्रारेड शोषणाच्या आलेखात 3400 वेव्हनंबरजवळचा (वेव्हनंबर म्हणजे एका सेंटीमीटरात बसणाऱ्या लहरींची संख्या) पाण्याचा डोंगर जवळपास नव्हताच. 2000 च्या थोडं वर सायनाइडचं, म्हणजे कार्बन-नायट्रोजनच्या जोडीचं, एकच टोकदार शिखर.

ते बघितलं आणि गाडी रुळावर आली. कॉर्नेल विद्यापीठात 1984 साली याच ब्रोमाइडच्या स्फटिकात काही ब्रोमाइडच्या जागी सायनाइड बसवून, द्रव हेलियमच्या थंडीत 5 मायक्रॉनच्या आसपासचा लेसर चालवला होता. सायनाइडचं कंपन 2080 वेव्हनंबरच्या जवळपास. ब्रोमाइडचे अणू जड, त्यांची स्वतःची कंपनं पावणेदोनशेच्याही आत. सायनाइडला ऊर्जा उष्णता म्हणून सोडायची तर स्फटिकाची डझनभर कंपनं एकदम उठवावी लागतात, आणि ते सहसा जमत नाही. मग ती प्रकाश होऊन बाहेर पडते. हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "म्हंजे नोट मोठी, आन् सुट्टं कुणाकडंच न्हाई." सेमिनारात मी हेच वाक्य वापरलं. सरांनीही वहीत लिहून घेतलं!

कंपनाच्या ऊर्जेच्या पायऱ्या असतात, आणि वरच्या पायऱ्या जरा जवळजवळ असतात. त्यामुळे दुसरीवरून पहिलीवर येताना सुटलेला प्रकाश तळाच्या पायरीवरचे रेणू सहजी गिळत नाहीत. हा भाग मात्र फळ्यावर गणित मांडूनच समजावावा लागला.

बारामतीत जन्मलेल्या आणि पुण्यात इंजिनिअर झालेल्या सी. के. एन. पटेलांनी 1964 साली कार्बन डायऑक्साइडचा लेसर केला. तोही रेणूंच्या कंपनांवरच चालतो, फक्त वायूत. ट्रॉफीवाल्यांकडे अॅक्रिलिक कापतो, तो हाच. हे ऐकून तुमचा चेहरा खुलला होता, कारण तुमचा पुतण्या तसंच मशीन चालवतो.

आभाराच्या स्लाइडवर गाइडच्या खाली तुमचं नाव होतं. तुम्ही मागच्या दाराशी उभे होता, दिसलं असेलच. शनिवारी लॅब बंद झाली की मिसळ माझ्याकडून. डाएटचं कारण चालणार नाही.

तुमची,
एम.एस्सी. भाग दोनची विद्यार्थिनी