बार्बेरा आणि बान्या काउदा

आस्ती, १२ नोव्हेंबर

ती. काका-काकूंस सा. न. वि. वि.

काका, मागे फोनवर तुम्ही विचारलंत, "तिकडची ती लाल वाइन असते तरी कशी, आणि तिच्याबरोबर खायचं काय?" ते फोनवर सांगून भागण्यातलं नव्हतं, म्हणून हे पत्र.

इटलीची लाल वाइन म्हटली की जो तो बारोलोचं नाव घेतो. ती इथून जवळच, आल्बाकडच्या टेकड्यांवर होते. नेब्बिओलो जातीच्या द्राक्षांची. ३८ महिने मुरवल्याशिवाय विकायची परवानगी नाही, आणि किंमतही त्याच तोऱ्यात. पण इकडे घरी जेवताना उघडतात ती बार्बेरा, त्याच नावाच्या द्राक्षांची. मला विचाराल तर जेवणाला हीच बरी.

रंग गडद, जांभळ्याकडे झुकणारा. वास पिकलेल्या चेरीचा नि आलुबुखाराचा. पहिल्याच घोटाला आंबटपणा जाणवतो, जिभेच्या कडांना पाणी सुटतं. तुरटपणा मात्र अगदी थोडा, कारण या द्राक्षाच्या सालीत रंग भरपूर आणि टॅनिन, म्हणजे तोंड तुरट करणारं द्रव्य, कमी. तुम्हाला नवल वाटेल ते आम्लाचं. आपल्याकडे बागेत द्राक्षाच्या मण्यात शुगर भरली की आम्ल उतरतं. इथे अल्कोहोल १४ टक्क्यांवर जाईल इतकी शुगर भरते, तरी आम्ल जागचं हलत नाही.

याची खरी गंमत कळते बान्या काउदाबरोबर. थंडी सुरू झाली की घरोघरी हा बेत. खारवलेले अँचोव्ही मासे, मूठ मूठ लसूण आणि ऑलिव्ह तेल मंद आचेवर इतका वेळ ठेवायचं की मासे विरघळून जातात. मग ते मातीच्या भांड्यात ओतून खाली मेणबत्ती लावायची आणि भाज्या त्यात बुडवून खायच्या. समुद्र इथून लांब, पण पूर्वी लिगुरियाच्या किनाऱ्यावरून मीठ यायचं त्याच वाटेने हे मासेही आले. भाज्यांत मान नित्सा मोन्फेरातो गावाकडच्या कार्दो गोब्बोचा, ही देठांची भाजी. सप्टेंबरात त्याचं झाड वाकवून मातीखाली दाबतात. ते उजेडाकडे वर यायला धडपडतं, त्यात देठाला कुबड येतं आणि तो पांढरा, कोवळा होतो. कच्चाच खातात. शेवटी भांड्याच्या तळाशी उरलेल्या तेलात अंडं फोडून परततात, आणि त्यासाठी माणसं पोटात जागा ठेवतात!

आता एवढ्या तेलावर आणि खारट माशांवर बारोलो घेतली तर तोंडात नुसतं लोखंड चघळल्यासारखं होतं. बार्बेरात टॅनिन फारसं नाही म्हणून ती भांडत नाही, आणि तेलाचा ओशटपणा आम्ल धुऊन काढतं. तळलेल्या बांगड्यावर आपण लिंबू पिळतो तसंच.

पूर्वी मात्र हिला कोणी विचारत नव्हतं. उत्पन्न भरपूर, भाव पडलेला. त्यात १९८६ साली मिथेनॉलची भेसळ केलेल्या स्वस्त वाइनने इटलीत वीसच्या वर माणसं दगावली आणि बार्बेराचं नाव पार बदनाम झालं. तिला वर काढणाऱ्यांत जाकोमो बोलोन्या या वाइन करणाऱ्याचं नाव पहिलं घेतात. त्यांनी त्याआधीच, १९८२ च्या पिकाची बार्बेरा लहान फ्रेंच ओक पिंपांत मुरवून 'ब्रिक्को देल्लुच्चेल्लोने' नावाची वाइन काढली. आता नित्साच्या बार्बेराला २०१४ पासून स्वतःचा वेगळा दर्जा आहे. ओकमध्ये फार मुरवलेली मला आवडत नाही. व्हॅनिलाच्या वासाखाली द्राक्षच सापडत नाही.

इथल्या बागाईतदारांची डोकेदुखी वेगळीच. तुडतुड्यांमुळे पसरणारा एक पिवळेपणाचा रोग आहे, आणि बार्बेरा त्याला पटकन बळी पडते. लागण झालेला वेल उपटून टाकण्यावाचून इलाज नाही. ऐकताना मला तुमची द्राक्षबाग आठवली.

काकू, तुमच्या मटणाबरोबर चालेल का, तर चालेल, पण रस्सा जरा बेताचा तिखट करा. १४ टक्के अल्कोहोल तिखटाला आणखी पेटवतं. सुक्या मटणावर उत्तम. उघडण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. आपल्याकडच्या उन्हात ती कोमट पिण्यात अर्थ नाही.

डिसेंबरात येताना दोन बाटल्या आणतो. ऑक्टोबर छाटणी उरकली ना? पावसामुळे डाऊनी, म्हणजे केवडा रोग, कुठवर आलाय ते कळवा.

तुमचा,
बाळू