खो-खोच्या सरांना, बदलीच्या निमित्ताने

सर, सप्रेम नमस्कार.

तुमची बदली झाल्याचं पोरांकडून कळलं. निरोप समारंभात शाल-श्रीफळ होईल, मुख्याध्यापक जिंकलेल्या ढाली मोजून दाखवतील आणि आम्हा पालकांना बोलायला दोन मिनिटं मिळाली तर मिळतील. म्हणून हे उघड पत्र. ढालींबद्दल यात काही नाही. शनिवारी सराव संपल्यावर तुम्ही पोरांना अर्धा तास मैदानातच बसवून घ्यायचात, त्याबद्दल आहे.

आमच्या भागात नववीतल्या पोराला पहिला मावा कोण देतं? टपरीवाला नंतर येतो. आधी मित्रच देतो, तोही फुकट. प्लॅस्टिकच्या कागदात सुपारी, तंबाखू, चुना तळहातावर मळत गप्पा चाललेल्या असतात, मग कागद उघडून चिमूटभर पुढे होतो. दमदाटी कसलीच नसते. "घे की, आपलाच आहेस ना?" एवढंच. शाळा मात्र 26 जूनला, अमली पदार्थविरोधी दिनाला, प्रभातफेरी काढते, घोषणा देते. (31 मेच्या तंबाखूविरोधी दिनाला तर शाळांना सुट्टीच असते, म्हणजे तो प्रश्नच मिटला.) घोषणा देणाऱ्या पोराला तंबाखू वाईट हे पाठच असतं. चार मित्रांसमोर हात मागे कसा घ्यायचा आणि तरी त्यांच्यातच कसं राहायचं, हे त्याला कुणी सांगत नाही. तुम्ही नेमकं तेवढंच शिकवलंत.

"खो मिळाल्याशिवाय चौकातून उठलास तर फाऊल देतो ना मी? मग टपरीवरनं कुणी नुसतं 'चल' म्हटलं की लगेच कसा उठतोस रे?" हे माझ्या मुलाने घरी तुमच्या आवाजात करून दाखवलं होतं. जोड्या लावून एकाने आग्रह करायचा, दुसऱ्याने टाळायचं, हा तुमचा सरावही त्यानेच सांगितला. लांबलचक कारणं द्यायची नाहीत. कारण दिलं की समोरचा ते खोडतो. 'घसा बसलाय' म्हटलं तर 'मग उद्या घे' येतं. त्यापेक्षा 'नको, मी नाही खात' म्हणायचं आणि त्याच दमात 'उद्या किती वाजता मैदानात?' विचारायचं. आग्रह करायला तुम्ही स्वतः बसलात की इतकं गोड बोलायचात म्हणे, की पोरं हसून हसून मातीत लोळायची.

पालकसभेत तर तुम्ही आम्हालाच धरलंत. फळ्यावर डावीकडे एक रेघ, उजवीकडे लहान-मोठ्या तीन. डावीकडच्या रेघेएवढी कुठली ते सांगायचं. आम्हा काही जणांना तुम्ही आधीच कटात घेतलं होतं: सगळ्यांनी ठाम आवाजात एकच चुकीची रेघ सांगायची. शेवटी पाळी आली बँकेतल्या साहेबांची. त्यांनी चष्मा पुसला, फळ्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि आम्ही सांगितलेलीच रेघ सांगितली. रोज कर्जाच्या फायली परत पाठवणारा माणूस! सगळे हसले, तेही हसले. मग तुम्ही सांगितलंत, की सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने 1950 च्या दशकात अमेरिकेत कॉलेजच्या मुलांवर हाच प्रयोग केला, आणि चारांतले साधारण तिघे निदान एकदा तरी डोळ्यांना दिसणारं सोडून बाकीच्यांच्या मागे गेले. पण त्या गटात एकाने जरी खरं उत्तर दिलं, की मागे जाणाऱ्यांचं प्रमाण धाडकन खाली यायचं.

मला विचाराल तर सगळी गोम इथे आहे. एकट्याने शूर व्हा, असं तुम्ही पोरांना कधीच म्हणाला नाहीत. प्रत्येकाला एक जोडीदार लावून दिलात. एकाने 'नको' म्हटलं की दुसऱ्याने लगेच 'मलाही नको' म्हणायचं, बस्स.

आमच्यावरही एक काम टाकलंत. पोराची सुटका होत असेल तर आईबापाचं नाव खुशाल पुढे करू द्या, आपण खाष्ट ठरलो तरी चालेल, असं म्हणालात. दिवाळीच्या सुट्टीत एका मित्राच्या शेतावर वाढदिवस होता. रात्री मुलाचा मेसेज आला: 'आजीच्या गोळ्या आणायच्यात का?' ही आमची ठरलेली खूण. मी फोन लावला आणि आजूबाजूच्यांनाही ऐकू जाईल असा आवाज चढवून त्याला घरी बोलावलं. तो आला, जेवला, झोपला. काहीही विचारायचं नाही ही तुमची अट. ती पाळताना मी रात्रभर कूस बदलत होते. दोन-तीन दिवसांनी गवार मोडायला शेजारी येऊन बसला आणि आपणहून बोलला. बिअर आली होती, आणि परतताना एका गाडीवर तिघं बसणार होते, चालवणारा प्यायलेला. जोडीदार नेमका मामाच्या गावाला गेलेला.

मुलींच्या संघाशी बोलायला तुम्ही आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना बोलावलंत, तेही बरं केलंत. तिथला आग्रह निराळा असतो. 'विश्वास असेल तर फोटो पाठव', 'पासवर्ड सांग, नाहीतर ग्रुपमधून काढतो'. माझी पुतणी त्या बैठकीनंतर फोन घेऊन थेट तिच्या आईकडे गेली. पुढचं इथे लिहीत नाही.

टपरीवाल्याशी तुम्ही भांडला नाहीत. शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही आणि बाल न्याय कायद्याच्या कलम 77 प्रमाणे मुलाला तंबाखू देणाऱ्याला 7 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे त्याच्याकडचा चहा पीत सांगितलंत. टपरी हलली, पण थोडीच. अजून चौकात आहे. सगळी पोरं सुटली असंही नाही. दोघं-तिघं तिथे उभी दिसतात. त्यांना तुम्ही संघातून काढलं नाहीत, हे काही पालकांना रुचलं नव्हतं. काढलं असतं तर ती पूर्णवेळ टपरीचीच झाली असती, असं माझं मत.

नवे सर कधी येतील ठाऊक नाही. तोवर शनिवारचा अर्धा तास आम्ही काही पालकांनी आळीपाळीने चालवायचं ठरवलंय. पोरांनी सांगितलेले आग्रहाचे नमुने तुम्ही एका वहीत टिपून ठेवायचात. त्यातली नावं खोडून ती वही आम्हाला द्याल का? आणि निघण्याआधी वहिनींना घेऊन एकदा जेवायला या. शुक्रवार सोडून कधीही चालेल, शुक्रवारी माझी दुसरी शिफ्ट असते.

आपली,
तुमच्या संघातल्या एका पोराची आई