एकटीने खेळायच्या करिअर मोडला इंटरनेटची सक्ती : तक्रार आणि पैसे परत मिळण्याची मागणी

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
भारत विभाग

विषय : तुमच्या रेसिंग गेमचा करिअर मोड इंटरनेटशिवाय न चालणे आणि ग्राहक सेवा केंद्राने दिलेली वागणूक

काल संध्याकाळी तुमच्या ग्राहक सेवा केंद्राशी बोलणं झालं, त्यानंतर हे पत्र लिहितेय. यापुढे फोन करणार नाही. जे काही असेल ते लेखी.

तुमचा गेम कसा चालतो ते तुम्हाला मी सांगायला नको. करिअर सुरू करताना तो सर्व्हरशी जोडला जातो, प्रत्येक शर्यत संपली की निकाल सर्व्हरवर जातो आणि तिकडून होकार आला तरच बक्षिसाची गाडी आणि पैसे खात्यात जमा होतात. नेट नसेल तर करिअर उघडतच नाही. मध्येच नेट गेलं तर झालेली शर्यत वाया. या मोडमध्ये समोर दुसरा माणूस कोणीही नसतो. मी आणि कॉम्प्युटरने चालवलेल्या गाड्या, बस. तरीही सर्व्हरची परवानगी लागते, ती कशासाठी, हा माझा प्रश्न आहे आणि आजपर्यंत तुमच्या एकाही माणसाने त्याचं उत्तर दिलेलं नाही.

मी देवरुखला राहते. आमच्याकडे फायबर महावितरणच्या खांबांवरून येते. पावसाळ्यात झाड पडलं, फांदी पडली की विजेच्या तारेबरोबर तीही जाते. वीज एक वेळ लवकर येते, पण फायबर जोडणारा माणूस एकच आणि त्याच्याकडे अख्खा तालुका. घरात इन्व्हर्टर आहे, त्यामुळे टीव्ही आणि कन्सोल चालू राहतात. म्हणजे गेम खेळायला सगळ्यात जास्त वेळ असतो नेमका तेव्हा तुमचा गेम बंद.

जुलैतली ती रात्र सांगते. संध्याकाळपासून पावसाने झोडपून काढलं होतं. मी करिअरमधली चोवीस लॅप्सची शर्यत लावली होती. ती जिंकल्याशिवाय पुढची चॅम्पियनशिप उघडत नाही, हे तुम्हीच ठरवलेलं आहे. टायर दोनदा बदलले, पेट्रोल पुरवून पुरवून वापरलं, आणि तेविसाव्या लॅपला शेवटच्या वळणाच्या आत घुसून पहिल्या नंबरवर आले. तेवढ्यात राउटरवर एलओएसचा, म्हणजे सिग्नल गेल्याचा, लाल दिवा लुकलुकायला लागला. फायबर तुटली होती. शर्यत मात्र थांबली नाही. शेवटचा अख्खा लॅप नेटशिवाय व्यवस्थित चालला, मी रेषा ओलांडली, पडद्यावर 'पहिला क्रमांक' असं आलं. आणि मग पडदा करडा झाला. सर्व्हरशी संपर्क होऊ शकत नाही, मुख्य पानावर परत जात आहोत. खाली एकच बटण, ओके. दुसरा पर्यायच नाही. दाबलं. शर्यतीचा मागमूस नाही, गाडी नाही, काही नाही.

तुमच्या इंजिनिअरांना एवढंच विचारा : जो लॅप नेटशिवाय चालला, त्याचा निकाल कन्सोलवर ठेवायला काय अडचण होती? नेट आल्यावर पाठवता आला नसता का? गाडी पळवायला, पाऊस दाखवायला, बाकीच्या गाड्या चालवायला सर्व्हर लागत नाही हे तुमच्याच गेमने माझ्या डोळ्यांसमोर सिद्ध केलं.

आता कालच्या फोनबद्दल. बोलणं हिंदीत झालं, मी मराठीत लिहितेय. मी तक्रार क्रमांक सांगितला, वर जे लिहिलं ते सगळं सांगितलं. पलीकडच्या माणसाने पहिला प्रश्न विचारला, "मॅडम, गेम कोण खेळतं?"

"मी."

"तसं नाही, मुलाचं वय किती आहे?"

"मुलाचा इथे संबंध नाही. अकाउंट माझं, पैसे माझे, खेळते मी."

"ओके मॅडम. घरात टेक्निकल माहिती असणारं कोणी आहे का? त्यांना फोन दिलात तर मी स्टेप्स सांगतो."

मी औषधांचं दुकान चालवते. दुकानाचं बिलिंग, स्टॉक, जीएसटीचं रिटर्न मी स्वतः कॉम्प्युटरवर करते. घरातला राउटर मी लावलाय. कन्सोलचा एनएटी टाइप काय आहे आणि मुंबईच्या सर्व्हरवर पिंग किती येतो हे मला ठाऊक आहे, आणि ते मी त्याला सांगितलं होतं. बाई बोलतेय म्हटल्यावर गेम मुलगा खेळत असणार आणि नेट नवऱ्याला कळत असणार, हे त्याने माझं एक वाक्यही नीट न ऐकता ठरवून टाकलं. मी म्हटलं, "टेक्निकल माहिती मलाच आहे, सांगा." त्यावर त्याने सांगितलं, राउटर बंद करून थोड्या वेळाने चालू करा.

"फायबर तुटून रस्त्यावर पडलीय. एलओएस लाल आहे. राउटर चालू-बंद करून ती जोडली जाणार नाही."

"तरी एकदा करून बघा मॅडम, मी होल्डवर थांबतो."

मग मोबाईल हॉटस्पॉट वापरा म्हणाला. वीज जाऊन बराच वेळ झाला की टॉवरची बॅटरी उतरते आणि रेंजही जाते, हे सांगितलं. मग मी वरिष्ठांना जोडून द्या म्हटलं. वरिष्ठ आले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि मला वाटलं चला, निदान याला तरी कळलं. ते म्हणाले, "मॅडम, आमचा गेम चांगल्या कनेक्टिव्हिटीसाठी बनवलेला आहे. तुम्ही चांगलं नेट असलेल्या ठिकाणी जाल तेव्हा खेळा."

हे वाक्य तुमच्या कॉल रेकॉर्डिंगमध्ये असेल. जरूर ऐका. कन्सोल आणि टीव्ही उचलून रत्नागिरीला जाऊन खेळायचं का मी? देवरुखच्या माणसाकडून 4,999 रुपये घेताना तुमच्या दुकानाने 'तुमच्याकडे चांगलं नेट आहे का' असं विचारलं नव्हतं. गेमच्या पानावर लिहिलं होतं, 'ऑनलाइन खेळण्यासाठी इंटरनेट आवश्यक.' करिअर हा ऑनलाइन खेळ नाही. तुम्हीच त्याला तुमच्या मेन्यूत 'सिंगल प्लेयर' या विभागात ठेवलंय.

फोन ठेवल्यावर लगेच मेसेज आला : आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे, सेवेला पाचपैकी किती तारे द्याल? निवारण झालेलं नाही. तक्रार पुन्हा उघडा.

माझं इंटरनेटशी भांडण नाही, हेही स्पष्ट करते, कारण तुमचा माणूस मला 'मग तुम्ही ऑनलाइन गेम घेऊच नका' असंही सुचवून गेला. माझा दादा मस्कतला असतो. रविवारी रात्री आम्ही दोघं तुमच्याच गेममध्ये एकत्र शर्यत लावतो, हेडफोन लावून गप्पा मारत. आईच्या गोळ्या बदलल्या, घराच्या कौलांचं काम काढायचंय, हे सगळं त्याला मी गाडी चालवता चालवता सांगते. व्हिडिओ कॉलवर दादा पाच मिनिटांत 'बरं, ठेवतो' म्हणतो. शर्यतीत दोन तास बोलतो. हे नेटमुळेच होतं आणि त्यासाठी तुमचे सर्व्हर लागतात, ते मला मान्य आहे. त्यासाठी मी वर्गणीही भरते. मागे व्होल्टेज वरखाली होऊन माझा कन्सोल जळाला, नवीन आणून लॉगिन केलं तर सगळ्या गाड्या जिथल्या तिथे होत्या, कारण सेव्ह क्लाउडवर होतं. हाही नेटचाच फायदा. जिथे दोन माणसं खेळतात तिथे सर्व्हर हवा. जिथे एकच माणूस खेळतो तिथे तो सोयीपुरता हवा, पहाऱ्यापुरता नको.

तुमचे वरिष्ठ म्हणाले की चीटिंग रोखण्यासाठी हे गरजेचं आहे. कोण कोणाला फसवणार? करिअरची गाडी ऑनलाइन क्रमवारीत चालवायची असेल तेव्हा तपासा. जागतिक लीडरबोर्ड वेगळा ठेवा. माझ्या घरात, माझ्या टीव्हीवर मी कॉम्प्युटरच्या गाडीला हरवलं, याने जगातल्या कुठल्या खेळाडूचं नुकसान होतं?

आणि 'टेक्निकली शक्य नाही' हे उत्तर पाठवू नका. 'सिमसिटी' हा शहर वसवायचा गेम 2013च्या मार्चमध्ये आला तेव्हाही हेच सांगितलं होतं, सर्व्हरशिवाय शहर चालणार नाही. पैसे भरलेल्या लोकांना पहिले कित्येक दिवस गेममध्ये शिरताच येत नव्हतं. वर्षभरात, मार्च 2014मध्ये, त्याच गेमला ऑफलाइन मोड आला. मायक्रोसॉफ्टने 2013च्या जूनमध्ये एक्सबॉक्स वन या कन्सोलला चोवीस तासांतून एकदा नेट लागेल असं जाहीर केलं आणि लोकांनी आवाज उठवल्यावर त्याच महिन्यात तो निर्णय मागे घेतला. 'ग्रान टुरिस्मो स्पोर्ट'चे सर्व्हर जानेवारी 2024च्या अखेरीस बंद झाले, पण त्याआधी अपडेट देऊन एकट्याने खेळायचा भाग ऑफलाइन करून दिला गेला. रेसिंग गेमच तो. म्हणजे जमतं.

न केलं तर काय होतं तेही याच क्षेत्रात घडलेलं आहे. 'द क्रू' या रेसिंग गेमचे सर्व्हर 31 मार्च 2024ला बंद केले आणि लोकांनी पैसे देऊन घेतलेला गेम एकट्यालाही खेळता येईना. त्यातून युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि तिथल्या नागरिकांच्या याचिकेवर 2025मध्ये दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. तुम्ही उद्या सर्व्हर बंद केलेत तर माझ्या गेमचं काय, हे मी कालच्या फोनवर विचारलं होतं. "त्याची माहिती माझ्याकडे नाही मॅडम." मग कोणाकडे आहे? या पत्राच्या उत्तरात ते लिहून द्या.

मला सगळ्यात जास्त वाईट कशाचं वाटतं ते सांगते. कॉलेजात असल्यापासून मी तुमच्या या मालिकेचे गेम खेळतेय. दादाने पहिल्या पगारातून घेतलेल्या कन्सोलवर आम्ही आळीपाळीने खेळायचो. तेव्हाच्या गेमची डिस्क अजून माझ्याकडे आहे, आणि ज्या रात्री तुमचा हा नवा गेम मला आत घेत नव्हता त्या रात्री मी ती जुनी डिस्क काढून खेळले. लावली आणि चालली. ना लॉगिन, ना सर्व्हर. पावसातली गाडी कशी घसरते, ब्रेक कुठे सोडायचा, हे मला तुमच्या लोकांनी बनवलेल्या त्या गेमने शिकवलं. ज्यांनी तो बनवला त्यांना खेळणाऱ्याची किंमत होती. या नव्या गेममध्येही गाड्या सुंदर आहेत, आवाज सुंदर आहेत, कोणीतरी जीव ओतून काम केलंय. आणि त्यांच्या त्या मेहनतीवर तुम्ही सर्व्हरचं कुलूप लावून ठेवलंय. चोवीस लॅप्स चालवून, जिंकून, हाती काही नाही, हे मी विसरणार नाही.

गेम मी तुमच्याच ऑनलाइन दुकानातून घेतलाय. त्यामुळे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे या तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. ते झालं नाही तर आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि नंतर रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, आणि एवढ्या रकमेला तिथे शुल्कही लागत नाही. दुकान सांभाळून तारखांना जायची माझी तयारी आहे. ही धमकी समजायची तर समजा.

मला दोनपैकी एक गोष्ट हवी आहे. एक तर करिअर मोड ऑफलाइन चालेल असं अपडेट, ते कधी येणार त्या तारखेसह, लेखी. नाहीतर 4,999 रुपये परत, ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात. पुढच्या खरेदीचं कूपन किंवा गेममधली नाणी पाठवू नका, ती मी स्वीकारणार नाही.

तुमची ग्राहक,
देवरुख, जि. रत्नागिरी

सोबत : खरेदीची पावती, त्या रात्री पडद्याचा काढलेला फोटो, तक्रार 'निवारण झाल्याचा' मेसेज